लाओस ते हनोई, व्हाया भांडण

बूट काढायचे, मगच बसमध्ये चढायचं. देवळात काढतो तसे. फरक इतकाच, की दाराशी उभा असलेला क्लीनर हातात प्लॅस्टिकची पिशवी देतो, बूट तिच्यात कोंबायचे आणि ती पिशवी पुढची अख्खी रात्र आणि अख्खा दिवस आपल्याजवळ सांभाळायची. माझ्या बुटांचं एक वेळ ठीक आहे हो, पण नवऱ्याचे? पाच महिने, चार देश, एकच जोड! बर्थवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की विमानात निदान बूट घालून बसू देतात.

व्हिएन्तियान ते हनोई. लाओसची राजधानी ते व्हिएतनामची राजधानी. विमानाने साधारण सव्वा तास. बसने? तिकीट विकणारा म्हणाला, वीस तास. गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी चोवीस सांगितले आणि वर आमच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू आम्ही युद्धावर निघालोय. बॅकपॅकर मंडळींमध्ये या बसचा विषय निघाला की लोक आधी हसतात, मग खुर्ची पुढे ओढून आपापला किस्सा सुरू करतात. इतकं सगळं ऐकूनही आम्ही तिकीट काढलं. आईने फोनवर विचारलं, "बसनेच का गं? विमानं बंद झालीत का?"

तर, बसनेच का? कारण एक्सेल शीट. विमानाचं दोघांचं तिकीट वीस हजारांच्या घरात जात होतं, बसचं साडेपाच. वाचलेल्या पैशांत आमच्या हिशेबाने हनोईतले सहा दिवस निघत होते. शीट माझं, हिशेब माझा आणि बसचा हट्टही माझाच. हे आत्ताच कबूल करून टाकते, कारण पुढे भांडणात याच मुद्द्यावर माझी विकेट पडणार आहे.

थोडं मागे जाऊ. जून २०२३ मध्ये आम्ही दोघांनी हिंजवडीतल्या नोकऱ्या सोडल्या. नऊ महिने फिरायचं, मग परत येऊन नव्याने नोकरी शोधायची, असा प्लॅन. ऑफिसात निरोपाचा केक कापताना सगळे एकच म्हणत होते, "लकी आहात यार!" होतोच. पहिले दोन महिने तर अक्षरशः हवेत होतो. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. सलग फिरणं हीसुद्धा एक नोकरीच असते. रोज उद्याची खोली शोधा, परवाची बस शोधा, सिमकार्ड, लाँड्री, व्हिसा, आज कुठलं चलन आणि त्यात किती शून्यं. रविवार नाही, सिक लीव्ह नाही. आणि टीममध्ये माणसं दोनच. पुण्यात आम्ही रात्री नऊला भेटायचो, त्यातही त्याचा अमेरिकेचा कॉल असायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सलग इतके तास एकमेकांसोबत असायची आम्हाला सवयच नव्हती.

त्यात लाओसने सुरुवातीला भलतेच लाड केले. लुआंग प्रबांगहून व्हिएन्तियानला आम्ही ट्रेनने आलो. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही चीन-लाओस रेल्वे. पूर्वी डोंगरातून बसने अख्खा दिवस जायचा, आता दोन तासांत पोचवतात. बोगद्यामागून बोगदे, एसी, वेळेवर सुटणार, वेळेवर पोचणार. उतरताना नवरा म्हणाला होता, "असंच हनोईपर्यंत असतं तर..." मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. त्या "तर"नंतर तो बराच वेळ गप्प होता.

बस निघाली संध्याकाळी सहाला, शहराबाहेरच्या सदर्न बस टर्मिनलहून. आपल्याकडच्या स्लीपर कोचचं चित्र डोळ्यांसमोर आणत असाल तर पुसून टाका. इथे आत तीन उभ्या रांगा असतात, वर-खाली बर्थ आणि मधे दोन चिंचोळे बोळ. बर्थ पूर्ण आडवा होतच नाही, दंतवैद्याच्या खुर्चीसारखा अर्धवट रेलतो. पाय घालायचे एका खोक्यात, ते खोकं पुढच्या माणसाच्या डोक्याखाली. पाच फूट दोन इंचांच्या मला ते छान बसलं. नवरा सहा फूट. त्याचे गुडघे रात्रभर हनुवटीच्या आसपास होते. त्यातून आमची जागा सगळ्यात मागे, जिथे पाच बर्थ एकाला एक चिकटून असतात. नवऱ्याच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला झोपेत लाथा मारणारा एक पोरगा. माझ्या बाजूला एक मावशी. पन्नाशीच्या असतील. आल्या आल्या त्यांनी एसीची झडप कागद कोंबून बंद केली. तिथेच मला त्या आवडल्या.

ही नुसती प्रवाशांची बस नव्हतीच. पोटात एक मोटरसायकल, डिकीत पोती, आणि राहिलेले खोके बोळांमध्ये अंथरलेले. टॉयलेट नव्हतं. म्हणजे रात्री उतरायचं तर त्या खोक्यांवरून, अंधारात, अनवाणी रांगत दारापर्यंत जायचं आणि तिथे ठेवलेल्या सार्वजनिक रबरी चपलांमधून एक जोडी पकडायची. डाव्या-उजव्याची खात्री नाही.

पाक्सानपर्यंत रस्ता मेकाँग नदीच्या सोबतीने जातो म्हणे. काळोखात दिसलं काही नाही. त्यानंतर बस मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळते, आठ नंबरच्या रस्त्याला लागते आणि वळणं सुरू होतात. अकराच्या सुमारास बस थांबली. हॉटेल नाही, पंप नाही, दिवा नाही. क्लीनरने नुसता ओरडा दिला आणि पुरुष मंडळी उतरून रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहिली. आता बायकांनी काय करायचं? आपल्याकडे असतं तर मी सरळ झाडीत गेले असते. इथे पाय उचलेना.

कारण त्याच दिवशी सकाळी आम्ही व्हिएन्तियानमधलं कोप व्हिजिटर सेंटर पाहिलं होतं. स्फोटात हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव बसवून देणाऱ्या संस्थेचं ते छोटंसं प्रदर्शन आहे. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या झाल्या, म्हणजे सरासरी दर आठ मिनिटांनी एक, दिवसरात्र, नऊ वर्षं. त्यात क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले टेनिसच्या चेंडूएवढे बॉम्बगोळे २७ कोटींच्या आसपास, आणि त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते अजून शेतांत, रानांत, बांबूच्या बेटांत सापडतात. तिथे छताला टांगलेले जुने लाकडी पाय पाहून मी दुपारी नीट जेवले नव्हते. आणि आता रात्री अकराला त्याच देशातल्या एका अनोळखी झाडीसमोर मी अंधारात उभी होते. पोटात कळ आणि पायात दोन्ही डाव्या चपला.

मावशी मागून उतरल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाडीकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून मला बसच्या मागे, डांबरी रस्त्याच्या अगदी कडेला नेलं. अंगावरची चादर सोडली आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली. मग चादर माझ्या हातात, आणि त्यांचा नंबर. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या लाओ होत्या की व्हिएतनामी, हेही मला शेवटपर्यंत कळलं नाही. वर आल्यावर त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

तर असं सगळं चाललेलं असताना पहाटे तीनच्या सुमारास बस पुन्हा थांबली, ती थांबलीच. इंजिन बंद, एसी बंद. बॉर्डर आली होती. पण बॉर्डर उघडते सकाळी सातला! ही त्या बसची खरी गंमत. वीस-बावीस तासांतले चार तास ती एका खिंडीच्या पायथ्याशी नुसती उभी असते. सराईत लोक लगेच घोरायला लागले. मी म्हटलं, जागीच आहे तर सकाळसाठी कागद काढून ठेवू. मोबाइलच्या उजेडात दोघांच्या ई-व्हिसाचे प्रिंटआउट उघडले. नाव बरोबर, पासपोर्ट नंबर बरोबर, तारीख बरोबर. मग खाली नजर गेली.

व्हिएतनामच्या ई-व्हिसात देशात कुठून शिरणार ते ठिकाण यादीतून निवडावं लागतं आणि ते व्हिसावर छापून येतं. माझ्या कागदावर काउ त्रेओ. त्याच्या कागदावर चा लो.

त्याला उठवलं. दोन मिनिटं तो कागदाकडे बघतच राहिला. घोटाळा कसा झाला ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलं तर अगदी असाच होऊ शकतो. आम्ही उभे होतो त्या ठिकाणाचं लाओसच्या बाजूचं नाव नाम फाओ, आणि डोंगरापलीकडे व्हिएतनामच्या बाजूला काउ त्रेओ. इथून बरंच दक्षिणेला आणखी एक खिंड आहे. तिथे लाओसच्या बाजूचं नाव ना फाओ, आणि पलीकडे चा लो. नाम फाओ, ना फाओ. एका "म"चा फरक! स्वतःचा फॉर्म त्याने लुआंग प्रबांगमध्ये रात्री एकला भरला होता, नकाशावर "ना फाओ" बघून. माझा दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, तिकीटवाल्याला नाव विचारून. स्वतःचा पुन्हा तपासला नाही.

मग भांडण झालं. नुसतं भांडण नाही, कुजबुजीतलं भांडण. चाळीस माणसं झोपलेली, चिकटलेले बर्थ, आवाज वाढवायची सोय नाही. विश्वास ठेवा, कुजबुजत भांडण्याइतकं थकवणारं जगात काही नाही. मी म्हटलं, एक काम तुझ्याकडे होतं. तो म्हणाला, एक नाही, सगळीच माझ्याकडे आहेत, तू फक्त बेरजा करतेस. मी म्हटलं, बेरजा केल्या नसत्या तर ऑगस्टमध्येच घरी गेलो असतो. तो म्हणाला, "मग जायचं होतं ना." आणि पुढे, "विमानाने गेलो असतो तर ही खिंड, हा फाओ, काही आलंच नसतं. तेरा-चौदा हजार वाचवलेस, घे आता."

विकेट. म्हटलं होतं ना?

बराच वेळ कुणी बोललं नाही. काचेवर आतून वाफ धरली होती. मग तो छताकडे बघत म्हणाला, "मला थांबायचंय. महिना झाला. तुला कसं सांगू कळत नव्हतं."

महिना! म्हणजे मेकाँगच्या काठावर सूर्यास्ताचे फोटो काढत होतो तेव्हा, लुआंग प्रबांगच्या नाइट मार्केटमध्ये घासाघीस करत होतो तेव्हा, त्या गुळगुळीत ट्रेनमध्ये "तर" म्हणाला तेव्हाही. मला राग यायला हवा होता. आलाही. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. कारण हे नऊ महिने माझं स्वप्न होतं. लोकांना मी सांगितलं होतं, शीट मी बनवलं होतं. मी आधी कशी थकणार? मी कूस बदलली आणि मावशींच्या पाठीकडे बघत पडून राहिले. पाठीमागे तो जागा आहे हे कळत होतं.

सात वाजता धुकं होतं. नोव्हेंबरची थंडी, आणि आमचे स्वेटर डिकीत मोटरसायकलखाली. लाओसच्या चौकीवर शिक्का पाच मिनिटांत मिळाला. बाहेर पडल्याचा शिक्का, हे लक्षात घ्या. म्हणजे आता आम्ही लाओसमध्ये नव्हतो आणि व्हिएतनाममध्येही नव्हतो. मधला रस्ता चालत जायचा. एका बाजूला दरी, धुक्यात बुडालेलं हिरवंगार जंगल. अॅनामाइट डोंगररांग ती. व्हिएतनामी लोक तिला त्रुओंग सोन म्हणतात. युद्धातला तो प्रसिद्ध हो चि मिन्ह ट्रेल याच डोंगरांमधून, इथून आणखी दक्षिणेकडे जायचा. एरवी नवऱ्याने मला यावर दहा मिनिटं लेक्चर दिलं असतं. त्या सकाळी आम्ही एकामागे एक, मुकाट चाललो.

माझा शिक्का झाला. त्याचा पासपोर्ट हातात घेऊन काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि "चा लो" या शब्दावर पेनाचं टोक ठेवलं. मग आमच्या पायाखालच्या जमिनीकडे बोट करून म्हणाला, "काउ त्रेओ." नवरा म्हणाला, "येस. मिस्टेक. माय मिस्टेक." अधिकारी पासपोर्ट घेऊन आत गेला.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. बसची तपासणी उरकली, सगळे चढले, ड्रायव्हरने हॉर्न सुरू केला. क्लीनर आमच्यापर्यंत आला, घड्याळ दाखवलं, मग जाऊन डिकीतून नवऱ्याची सॅक काढून रस्त्यावर ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाला, "यू ओके. यू गो." त्याचं चूक नव्हतं, चाळीस माणसं खोळंबली होती. मला त्या क्षणी भारीतलं काही सुचलं वगैरे नाही. मी फक्त दोन बोटं दाखवली आणि डिकीकडे हात केला. माझीही सॅक खाली आली. आम्ही दोघं सॅकवर बसलो. बसच्या दारात मावशी उभ्या राहून क्लीनरला काहीतरी सुनावत होत्या. काय ते देव जाणे, पण बस हलली नाही. त्यांच्या हातात आमच्या बुटांच्या पिशव्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघं त्या सार्वजनिक रबरी चपलांमध्येच बॉर्डर ओलांडायला निघालो होतो.

"परत पाठवलं तर?" मी विचारलं.

"तर लाक साओ," तो म्हणाला. मागे लाओसमध्ये तीस-पस्तीस किलोमीटरवरचं गाव. "नवीन व्हिसा येईपर्यंत तिथे पडून राहू."

"पडून राहू" हे त्याने असं काही म्हटलं, की मला हसू फुटलं. मग त्यालाही.

पाऊण तासाने अधिकारी बाहेर आला, एका शब्दानेही काही न बोलता शिक्का मारला आणि पासपोर्ट सरकवला. का सोडलं, कुणाला विचारलं, आम्हाला कधीच कळलं नाही. आम्हाला सोडलं म्हणून तुम्हालाही सोडतील, असं मात्र कृपा करून समजू नका. ऑगस्ट २०२३ पासून हा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळायला लागला आणि सगळ्या देशांच्या नागरिकांसाठी खुला झाला, घरबसल्या होतो, सगळं खरं. पण ठिकाणाचं नाव दोनदा वाचा. भर उजेडात वाचा, आणि शक्यतो दोघांनी वाचा.

शिक्का बसल्यावर मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आनंद होता की निराशा, खरंच कळेना.

पुढचे दहा-अकरा तास मला तुटक तुटक आठवतात. घाट उतरून हा तिन्ह प्रांतातली भातशेती. विन्ह शहर, हो चि मिन्ह यांचं जन्मगाव इथून जवळच. जेवायला थांबलो तिथे मी शाकाहारी म्हणून कोरडा भात आणि उकडलेली भाजी खाल्ली. त्याने शेजारच्या टेबलावर बोट दाखवून तेच मागवलं. ईलची, म्हणजे सापासारख्या लांबुडक्या माशाची पेज होती ती, विन्हची खासियत. दोन वाडगे खाल्ले. कित्येक दिवसांत मी त्याला इतकं खाताना पाहिलं नव्हतं. मावशी तिथेच उतरल्या. जाताना त्यांनी माझ्या गालावर एक चापट मारली आणि खोके उचलायला लागल्या. आम्ही दोघांनी मिळून त्यांचे सात खोके रस्त्याच्या कडेला लावून दिले.

विन्ह ते हनोई तीनशे किलोमीटर. ड्रायव्हरने व्हिएतनामी गाण्यांचे व्हिडिओ लावले. सगळ्या गाण्यांत कुणीतरी पावसात रडत होतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगून टाकलं, की मीही थकलेय. कधीपासून, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्याआधीपासून." तो म्हणाला, "हे तू एक्सेलमध्ये नव्हतं लिहिलंस."

संध्याकाळी साडेसहाला आम्ही हनोईच्या दक्षिणेकडच्या नुओक न्गाम बसस्थानकावर उतरलो. साडेचोवीस तास. गेस्टहाउसच्या मालकीणबाई जिंकल्या. ओल्ड क्वार्टरमध्ये एक खोली घेतली, चौथ्या मजल्यावर, खिडकीखाली स्कूटरची रांग. दोन रात्रींसाठी घेतली होती, सव्वीस राहिलो. हा लाँग बे पाहिला नाही. लोकांना पटत नाही, पण खरंच नाही पाहिला. सकाळी कॉफी, दुपारी झोप, संध्याकाळी होआन किएम तळ्याभोवती एक चक्कर. कंबोडियाची रांग मी शीटमधून डिलीट केली, मग इंडोनेशियाची.

डिसेंबरच्या शेवटी, ठरल्यापेक्षा अडीच महिने आधी, हनोईहून मुंबईला परतलो. विमानाने, थेट. बुकिंगच्या फॉर्मवर त्याने नावं टाकली, मी वाचली. मग मी टाकलेली तारीख त्याने वाचली. बूट हनोईतच टाकून आलो.